एका क्रेटचा माग : विक्री संस्थेकडून हिशोब कसा घ्यावा, मुंबईत राहणाऱ्या सभासदासाठी

गावाकडच्या फळे-भाजीपाला सहकारी विक्री संस्थेचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) ज्यांच्या मुंबईतल्या कपाटात पडून आहे, अशी माणसे लालबाग-परळपासून कोपरखैरणे-घणसोलीपर्यंत पुष्कळ आहेत. जुन्नर, आंबेगाव, खेड, पारनेर या तालुक्यांतून नोकरीसाठी आलेल्यांची जमीन भाऊ कसतो, टोमॅटो-काकडी संस्थेच्या गाडीतून तुर्भ्याच्या बाजारात येते, आणि वर्षातून एकदा अहवालाची पुस्तिका हाती पडते. तीवरचा चेअरमनांचा फोटो पाहून झाला की ती फ्रिजवर ठेवली जाते. संस्थेविषयी तक्रार मात्र बारमाही चालू असते आणि ती बहुधा माणसांविषयी असते : अमका सचिव बनेल आहे, तमक्या संचालकाने बंगला बांधला. अशा बोलण्यातून आजवर कोणाचा एक रुपयाही परत आलेला नाही.

उत्तरदायित्व म्हणजे तुमच्या शेतातून निघालेला एक क्रेट तुमच्या बँक खात्यापर्यंत कागदावर सलग दिसणे, एवढाच अर्थ मी या लेखापुरता घेतो. या कागदांची एक बाजू गावात तयार होते, दुसरी बाजारात. गावातल्या सभासदाला वजनकाटा दिसतो, गाळा दिसत नाही. मुंबईतला सभासद गाळ्यापासून लोकलच्या एका प्रवासावर राहतो, आणि तरीही तिथे जात नाही. हा लेख त्याच्यासाठी आहे.

आधी आपण सभासद आहोत का ते पाहावे

हे सांगण्याची गरज भासू नये, पण भासते. भाग दाखला वारलेल्या वडिलांच्या नावावर असतो, माल भावाच्या नावावर जातो आणि सभेत प्रश्न विचारायला तिसराच भाऊ मुंबईहून येतो. त्याला ‘तुम्ही सभासद नाही’ असे सांगून खाली बसवले जाते, आणि ते कायद्याला धरूनच असते. म्हणून पहिले काम म्हणजे वडिलांचे भाग वारसाच्या नावे करून घेणे. नामनिर्देशन केलेले असेल तर हे काम सोपे असते. नसेल तर वारसांचे संमतिपत्र लागते. भाग भावाच्याच नावावर राहणार असतील तर पुढचा प्रत्येक अर्ज त्याच्या सहीने जाईल, तुम्ही फक्त मसुदा लिहाल, हे घरात आधी ठरवून घ्यावे.

दुसरे काम संस्थेचे उपविधी, म्हणजे तिचे स्वतःचे नोंदलेले नियम, मिळवण्याचे. मतदानासाठी किमान माल घालण्याची किंवा सभेला हजर राहण्याची अट तुमच्या उपविधींत आहे का, ते शोधावे. मतदान स्वतः हजर राहूनच करावे लागते. एका सभासदाला एक मत, मग भाग कितीही असोत, आणि दुसऱ्याच्या हाती मुखत्यारी देऊन मत टाकता येत नाही. जत्रेसाठी न चुकता रजा टाकणाऱ्या मुंबईकराने वार्षिक सभेसाठीही एक रजा राखून ठेवायला हरकत नाही.

एक गाडी निवडावी

सगळ्या हंगामाचा हिशोब तपासायला बसलात तर आठवड्यात कंटाळून सोडून द्याल. एकच तारीख, एकच गाडी निवडावी. त्या गाडीचे पाच कागद असायला हवेत. संकलन केंद्रावर तुमच्या भावाला मिळालेली काटापावती, ज्यावर क्रेटची संख्या, वजन आणि प्रतवारी असते. संस्थेच्या जावक नोंदवहीतली त्या गाडीची नोंद, म्हणजे किती सभासदांचे किती क्रेट आणि गाडीभाडे किती. बाजारातल्या आडत्याने, म्हणजे कमिशनवर माल विकून देणाऱ्याने, संस्थेच्या नावे दिलेली मूळ पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद. संस्थेने तुमच्या नावे काढलेली पट्टी. आणि शेवटी बँकेत जमा झालेली रक्कम, तारखेसह.

बहुतेक सभासदांकडे पहिला आणि शेवटचा कागद असतो, फार तर चौथा. गोम दुसऱ्या-तिसऱ्यात असते, कारण ते दोन्ही संस्थेच्या कपाटात राहतात.

आकडे कसे जुळवायचे ते एका कल्पित उदाहरणाने दाखवतो. गाडीत ३०० क्रेट टोमॅटो आहे, क्रेटमागे २० किलो, म्हणजे गावच्या काट्यावर ६,००० किलो. आडत्याच्या मूळ पट्टीत ५,९१० किलो विकल्याची नोंद आहे. वाटेत माल सुकतो, दबतो, काही खराब निघतो. ९० किलो, म्हणजे दीड टक्का घट समजण्यासारखी आहे. पण संस्थेने सभासदांच्या पट्ट्यांमध्ये सरसकट तीन टक्के घट धरलेली आहे, म्हणजे १८० किलो. उरलेले ९० किलो विकले गेले, त्यांचे पैसेही आले, पण ते कोणत्याच सभासदाच्या नावावर पडले नाहीत. भाव किलोला १८ रुपये असेल तर एका गाडीमागे १,६२० रुपये झाले, आणि महिन्याला २५ गाड्या गेल्या तर ४०,५०० रुपये.

इथे लगेच ‘चोरी’ हा शब्द उच्चारू नये. सरसकट घट धरणे हिशोबाला सोपे जाते, आणि अनेक संस्था तसे प्रामाणिकपणे करतात. विचारायचा प्रश्न इतकाच, की हा फरक नफा-तोटा पत्रकात कोणत्या नावाने जमा दिसतो. ‘घट-वाढ’, ‘तोल फरक’ अशा एखाद्या शीर्षाखाली तो दिसत असेल आणि वर्षाअखेरीस दर फरकाच्या रूपाने, म्हणजे घातलेल्या मालाच्या प्रमाणात, सभासदांकडे परत येत असेल, तर विषय संपला. कुठेच दिसत नसेल, तर तिथून खरी चौकशी सुरू होते.

सरासरी भावाबाबतही सभासदांची अशीच फसगत होते, पण उलट्या दिशेने. समजा, शंभर क्रेट ३०० रुपयांनी गेले आणि दोनशे २१० रुपयांनी. सभासद मनातल्या मनात २५५ रुपयांची सरासरी काढतो आणि संस्थेने २४० दिले म्हणून संतापतो. एकूण रक्कम ७२,००० रुपये आणि क्रेट तीनशे, म्हणजे २४० हेच बरोबर आहे. सभेत उभे राहण्यापूर्वी हा भागाकार स्वतः करून पाहावा. चुकीच्या आकड्यावर एकदा तोंडघशी पडलेल्या माणसाचा पुढचा बरोबर प्रश्नही कोणी ऐकत नाही.

कपातींच्या रकान्यांपैकी आडतीचा, म्हणजे आडत्याच्या कमिशनचा, रकाना आधी पाहावा. २०१६ साली राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याची तरतूद केली. त्यामुळे मूळ पट्टीत शेतकऱ्याच्या रकमेतून आडत, दलाली किंवा वेगळ्या नावाने तेवढीच रक्कम कापलेली दिसली, तर ती कशासाठी कापली हे संस्थेने आडत्याला विचारले पाहिजे, आणि संस्थेने विचारले का, हे तुम्ही संस्थेला. संस्थेचे स्वतःचे विक्री कमिशन ही निराळी बाब आहे. त्याचा दर ज्या ठरावाने ठरला, त्या ठरावाची तारीख मागावी. हमाली, तोलाई, वाराई यांचे दर बाजारात ठरलेले असतात आणि विचारल्यावर कळतात. गाडीभाडे मात्र मन लावून पाहावे, कारण गाडी पुष्कळदा कोणातरी संचालकाच्या भाच्याची असते.

पहाटेची एक फेरी

मुंबईतला फळे-भाजीपाल्याचा घाऊक व्यापार भायखळा आणि क्रॉफर्ड मार्केटमधून तुर्भ्याला हलला त्याला आता जवळपास तीन दशके होतील. भाजीपाला बाजारात गाड्या रात्रीच लागतात आणि विक्रीची मुख्य घाई पहाटे असते. सूर्य वर आल्यावर गेलात तर पालापाचोळा आणि झाडलोट पाहून परत याल. आदल्या रात्री भावाकडून गाडीचा क्रमांक आणि क्रेटची संख्या विचारून घ्यावी आणि संस्थेचा माल ज्या गाळ्यावर उतरतो तिथे नुसते जाऊन उभे राहावे. वाद घालू नये. आपण सभासद आहोत आणि माल पाहायला आलो आहोत, एवढे सांगितले की पुरे. माथाडी कामगारांपैकी कोणीतरी तुमच्याच तालुक्यातला निघतो, आणि अर्धी माहिती चहाबरोबर मिळते.

तीन गोष्टी वहीत टिपाव्यात : क्रेट किती उतरले, कोणकोणत्या भावाने आणि किती-किती गेले, आणि किती क्रेट ‘खराब’ म्हणून बाजूला काढले. विक्री कशी होते तेही पाहावे. भाव उघड पुकारला जातो की दोघांच्या कानाकानांत ठरतो? हापूसच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जुनी रीत सर्वांना ठाऊक आहे. अशा सौद्याचा पट्टीपलीकडे कोणताही पुरावा मागे राहत नाही, म्हणून तिथे पट्टीला अधिकच महत्त्व येते.

अशाच एका फेरीत मला जे दिसले ते सांगतो, संस्थेचे नाव न घेता. गावाहून कळलेली संख्या ३०० होती आणि गाळ्यावर मोजले तेव्हा ३१२ क्रेट भरले. मी दोनदा मोजले. बारा क्रेट निळ्या रंगाचे होते, आमच्या संस्थेचे सगळे लाल. ते एका संचालकाच्या ओळखीतल्या व्यापाऱ्याचे होते, संस्थेच्या गाडीतून फुकट येत होते आणि त्यांचे भाडे तीनशे लाल क्रेटवर वाटले जात होते. रक्कम अगदी किरकोळ होती. पण जावक नोंदवही आणि गाळ्यावरची मोजणी यांची गाठ त्या दिवसापर्यंत कोणीच घातलेली नव्हती, हे त्यातून उघड झाले. तेव्हापासून कमी भरलेल्या आकड्याइतकाच मी जास्त भरलेल्या आकड्यालाही दचकतो.

कागद मागताना

संस्थेचे अभिलेख पाहण्याचा हक्क महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ ने सभासदाला दिलेला आहे. अधिनियम, नियम व उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, समिती सदस्यांची यादी, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभांची व समितीच्या सभांची इतिवृत्ते, आणि ज्या पुस्तकांत त्या सभासदाचे व्यवहार नोंदले आहेत तो भाग, हे सर्व कार्यालयीन वेळेत विनामूल्य पाहता येते. नकला हव्या असतील तर शुल्क भरावे लागते आणि ते भरल्यापासून एक महिन्यात नकला द्याव्या लागतात. मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थेत पाण्याच्या टाकीच्या खर्चावरून सचिवाला धारेवर धरणाऱ्यांनी हे कलम बहुधा वापरलेले असते. तेच गावच्या विक्री संस्थेलाही लागू आहे, हे लक्षात येत नाही इतकेच.

अर्ज छोटा आणि नेमका असावा. नमुना असा :

‘प्रति, सचिव. विषय : कलम ३२ अन्वये अभिलेख पाहणे व नकला मिळणे. मी संस्थेचा सभासद असून माझा सभासद क्रमांक अमुक आहे. अमुक तारखेस अमुक क्रमांकाच्या गाडीतून माझे ४० क्रेट टोमॅटो पाठवण्यात आले. त्या गाडीची जावक नोंद, आडत्याकडून संस्थेस मिळालेली मूळ पट्टी व माझ्या खात्याचा त्या महिन्याचा उतारा पाहण्यास व त्यांच्या नकला मिळण्यास विनंती आहे. नकलांचे शुल्क कळवावे, ते मी भरतो. पाहणीसाठी मी अमुक तारखेस सकाळी अकरा वाजता कार्यालयात येईन.’

अर्ज हाती दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. पोच देत नसतील तर पोचपावतीच्या सोयीसह टपालाने पाठवावा. ‘गेल्या पाच वर्षांचे सर्व दप्तर’ अशी मागणी कधीही करू नये. तिला नकार देणे सोपे जाते, आणि दिलेच तर त्या ढिगाऱ्यात तुम्हीच हरवाल.

सचिवाचा ठरलेला आक्षेप असा असतो, की मूळ पट्टी साऱ्या गाडीची आहे, तीत इतरांचेही व्यवहार आहेत. आक्षेप अगदीच पोकळ नाही. त्यावर उत्तर असे, की इतर सभासदांची नावे झाकून नक्कल द्यावी. एकूण क्रेट, एकूण वजन, भाव आणि कपाती यांत कोणाचेही गुपित नाही, आणि माझ्या व्यवहाराचा भाव त्याच कागदावरून निघालेला आहे.

माहितीच्या अधिकाराचा मार्ग पुष्कळ जण सुचवतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली केरळमधील एका सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे, की सहकारी संस्था ही सहसा माहिती अधिकार कायद्याखालचे सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. मात्र सहकारी संस्थांवर देखरेख करणारे सरकारी निबंधक कार्यालय हे प्राधिकरण आहे, आणि संस्थेकडून जी माहिती निबंधकाला कायद्याने घेता येते ती त्याच्यामार्फत मागता येते. लेखापरीक्षण अहवालाची प्रत संस्था देत नसेल तेव्हा हा मार्ग उपयोगी पडतो.

अहवालाची पुस्तिका कुठून वाचावी

पुस्तिका पहिल्या पानापासून वाचू नये. मनोगत आणि आभार ओलांडून थेट ताळेबंदावर यावे आणि येणे बाजूला ‘व्यापाऱ्यांकडील येणे’ ही रक्कम शोधावी. समजा, वर्षाची विक्री २ कोटी ४० लाख आहे आणि ३१ मार्चला व्यापाऱ्यांकडे ४० लाख अडकलेले आहेत. म्हणजे दोन महिन्यांच्या विक्रीचे पैसे बाहेर आहेत. टोमॅटो एका पहाटेत विकला जातो, मग त्याचे पैसे दोन महिने कोणाच्या धंद्यात फिरत आहेत? या रकमेची मुदतवार यादी मागावी : तीस दिवसांच्या आतले किती, नव्वद दिवसांपुढचे किती, आणि वर्ष उलटलेले किती. वर्ष उलटलेल्या यादीत तीच दोन-तीन नावे सलग तीन वर्षे दिसत असतील, आणि त्यांनाच अजून माल दिला जात असेल, तर हा विषय इतर सगळ्या विषयांच्या आधी घ्यावा. माझ्या पाहण्यात विक्री संस्था बुडतात त्या अफरातफरीपेक्षा उधारीने.

त्यानंतर ‘उचंत खाते’, ‘अनामत येणे’ आणि ‘हंगामी उचल’ पाहावी. उचंत खात्यात, म्हणजे हिशोब लागेपर्यंत तात्पुरती ठेवलेली, रक्कम वर्षाअखेर मिटायला हवी. ती वाढत जात असेल तर कोणत्या खर्चाची पावती मिळालेली नाही ते विचारावे. संचालक आणि त्यांच्या कुटुंबीयांना दिलेल्या कर्जाचे विवरण वार्षिक सभेपुढे ठेवणे समितीवर बंधनकारक आहे. ते पुस्तिकेत नसेल तर ‘निरंक’ असे तरी छापले आहे का, पाहावे. संस्थेशी होणाऱ्या करारात पदाधिकाऱ्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध नसावा, असे १९६१ च्या नियमांत आहे. भाच्याच्या गाडीचा प्रश्न इथे येतो.

नफा वाटपाच्या पानावर दोन आकडे तपासावेत. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत गेला पाहिजे, आणि लाभांशाची मर्यादा १५ टक्के आहे. पण विक्री संस्थेत लाभांश ही दुय्यम गोष्ट आहे. ज्याने जास्त माल घातला त्याला जास्त परतावा, म्हणजे दर फरक, हे अशा संस्थेचे खरे वाटप. भरपूर भाग घेऊन बसलेल्या, पण माल बाहेर विकणाऱ्या सभासदांना लाभांश खूश करतो. दर फरक काट्यावर माल आणणाऱ्याच्या हाती पडतो. संस्था कोणाला खूश ठेवू पाहते, ते या दोन रकमांच्या प्रमाणावरून कळते.

लेखापरीक्षण आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत पुरे व्हायला हवे. अहवालाला अ, ब, क, ड यांपैकी वर्ग मिळतो आणि संस्था ‘अ’ वर्ग मिळाला की फलक लावते. फलकावर जाऊ नये. अहवालातल्या दोषांची यादी वाचावी, विशेषतः भाग ‘अ’ मधले गंभीर दोष, आणि मग मागील वर्षाच्या दोषांची दुरुस्ती झाली का ते पाहावे. दुरुस्ती अहवाल नमुना ‘ओ’ मध्ये द्यायचा असतो. सलग तीन वर्षांच्या अहवालांत एकच वाक्य शब्दशः आढळले, उदाहरणार्थ ‘क्रेटचा साठा प्रत्यक्ष मोजून मिळाला नाही’, तर दोष दुरुस्त होत नसून नुसता नकलला जात आहे.

वार्षिक सभा

सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते, आणि गणपतीही बहुधा याच सुमारास येतात. मुंबईकर गावी असतात त्या दिवसांत किंवा निदान रविवारी सभा ठेवावी, अशी लेखी विनंती जुलैतच करावी. प्रश्न लेखी द्यावेत, उपविधीत सांगितलेल्या मुदतीत द्यावेत, आणि तीनच द्यावेत. ‘ऐनवेळच्या विषयांत’ विचारलेला प्रश्न जेवणाच्या पंगतीबरोबर उठून जातो. सभेची वेळ दहाची असली तर दहाला हजर राहावे, कारण गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरते आणि सगळे विषय पंधरा मिनिटांत मंजूर होतात. सभासदांच्या मागणीवरून बोलावलेल्या विशेष सभेचे मात्र उलट आहे. गणपूर्ती झाली नाही तर ती रद्दच होते. अशी सभा एकपंचमांश सभासदांनी लेखी मागितली तर समितीला एक महिन्यात बोलवावी लागते. सह्या गोळा करण्यापूर्वी तेवढी माणसे त्या दिवशी खरोखर येतील का, याचा हिशोब करावा.

ज्या विषयावर बहुधा कोणीच बोलत नाही तो लेखापरीक्षकाच्या नेमणुकीचा. शासनमान्य नामतालिकेतून लेखापरीक्षक नेमण्याचा अधिकार सभेचा आहे, आणि एकाच लेखापरीक्षकाला सलग तीन वर्षांहून अधिक काळ नेमता येत नाही. या विषयाच्या वेळी हात वर करून, नाव कोणी सुचवले आणि त्या व्यक्तीने आधी किती वर्षे काम पाहिले आहे, एवढे विचारावे.

नुसते प्रश्न विचारून परत येऊ नये, ठराव मांडावेत. मूळ पट्टीचे छायाचित्र त्याच दिवशी सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावे, हा पहिला. यात खर्च शून्य आहे, म्हणून विरोध करणाऱ्याला कारण सांगावे लागते. संचालकांच्या स्वतःच्या मालाची प्रतवारी आणि मिळालेला भाव यांचे वेगळे परिशिष्ट दरवर्षी छापावे, हा दुसरा. आणि मुंबईत राहणाऱ्या तीन सभासदांनी महिन्यातून एकदा, न कळवता, गाळ्यावर जाऊन मोजणी करावी आणि तिची नोंद समितीच्या इतिवृत्तात व्हावी, हा तिसरा. हा ठराव मी अनेकांना सुचवला आहे. तो मंजूर होतो, पण पहाटे उठणारे तिघे मिळत नाहीत.

संचालकांची बाजूही ऐकून घ्यावी. जागेवर व्यापाऱ्याने किलोला दोन रुपये चढे दिले की निम्मे सभासद चांगला माल त्याला देतात, आणि भाव पडला की उरलासुरला माल संस्थेच्या काट्यावर आणून सरासरी भावाची अपेक्षा धरतात. अशा हंगामात संस्थेचा भाव कमी येतो तो सभासदांमुळेच. सभेत उभे राहण्यापूर्वी आपल्या घरच्या मालाचा किती हिस्सा संस्थेला गेला, हे भावाला विचारून ठेवलेले बरे. तो प्रश्न समोरून येणारच.

त्यापुढची पायरी

उत्तरे मिळाली नाहीत, किंवा मिळालेल्या उत्तरांतून गैरव्यवहार दिसला, तर निबंधकाकडे जावे लागते. मुंबईतल्या कार्यालयात खेटे घालू नयेत. संस्था ज्या तालुक्यात नोंदलेली आहे तिथल्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज जातो. कलम ८३ खालील चौकशी एकपंचमांश सभासदांच्या अर्जावरून होते, तशीच निबंधक स्वतः होऊनही ती लावू शकतो, म्हणून सह्या पुरेशा नसल्या तरी कागदपत्रांसह अर्ज द्यावा. चौकशीत नुकसान सिद्ध झाले तर कलम ८८ अन्वये ते कोणी भरायचे हे निश्चित केले जाते. समितीचे सदस्य आपल्या कार्यकाळातल्या निर्णयांना संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात, त्यामुळे ‘मी फक्त सही केली’ हा बचाव टिकत नाही. तुमची स्वतःची रक्कम अडकली असेल तर ती वेगळी बाब आहे. तिच्यासाठी कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दावा करावा लागतो.

अर्जासोबत निवडलेल्या एका गाडीचे पाच कागद क्रमाने लावावेत, फरकाचा आकडा पहिल्याच परिच्छेदात लिहावा आणि विशेषणे गाळावीत. निकाल लागायला महिने जातात, क्वचित वर्षे. तेवढ्या काळात रागाने संस्थेला माल घालणे बंद करू नये, कारण माल थांबला की काटापावती थांबते, आणि ‘यांचा संस्थेशी व्यवहारच उरलेला नाही’ असे उत्तर निबंधकाकडे लेखी जाते. दर आठवड्याला निदान काही क्रेट काट्यावर जाऊ द्यावेत, आणि प्रत्येक पावतीचे छायाचित्र भावाने त्याच दिवशी मुंबईला पाठवावे.